टूरिंग मोटारसायकलच्या चाकातला आवाज शोधायचा कसा

पुढचं चाक ताशी ५५ किमीला गुणगुणायला लागायचं. ७० ला त्याची घरघर व्हायची आणि ९० च्या पुढे ती वाऱ्यात विरून जायची. लांबच्या प्रवासाला निघायला आठ दिवस उरले होते, आणि बेअरिंग गेलं असं मी मनाशी ठरवून टाकलं. चाक काढलं, दोन्ही बेअरिंग ठोकून बाहेर काढली, नवी बसवली, सीलही बदलले. पहिल्याच फेरीत ५५ ला तीच गुणगुण. मग जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. हातमोजा काढला आणि टायरवरून तळवा फिरवला. एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत. उलट दिशेने फिरवला तर नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची कड बोटांना अडत होती, करवतीच्या बोथट दातांसारखी. नक्षी अजून बरीच शिल्लक होती, पण झीज वेडीवाकडी झाली होती. आवाज टायरचा होता. काढलेली बेअरिंग बोटावर फिरवून पाहिली, ती ठणठणीत होती.

तेव्हापासून मी एक नियम पाळते. पाना हातात घेण्याआधी आवाज कशाला बांधलेला आहे ते शोधायचं. गाडीच्या वेगाला, इंजिनच्या फेऱ्यांना, ब्रेकला, गाडी झुकण्याला, रस्त्याच्या पोताला, की वाऱ्याला? चाकाभोवती आवाज करू शकणाऱ्या वस्तू पुष्कळ आहेत, पण यातल्या एकेका गोष्टीशी नातं तपासत गेलं की बहुतेक संशयित आपोआप गळतात. पुढे सगळं त्याच क्रमाने सांगते.

आधी आवाजाला नेमकं नाव द्या

"चाकातून आवाज येतोय" एवढं सांगून मेकॅनिकला काही कळत नाही, आणि खरं तर आपल्यालाही कळलेलं नसतं. मराठीत आवाजांसाठी शब्दांची श्रीमंती आहे, ती इथे कामाला लावा. सलग घूं असा, वेगाबरोबर सूर चढत जाणारा आवाज असेल तर संशय टायरवर, नाहीतर नुकत्याच खराब व्हायला लागलेल्या बेअरिंगवर. त्यात खर आली, जात्यातून काही दळल्यासारखी घरघर झाली, की बेअरिंगचं पारडं जड होतं. टकटक किंवा टिकटिक म्हणजे ठरावीक अंतराने काहीतरी एकदा लागतंय: नक्षीत अडकलेला खडा, खिळा, चेनची आखडलेली कडी. शू... शू... अशी थांबून थांबून येणारी घसट डिस्क आणि पॅडची. चिरचिर बहुधा कोरड्या सीलची, कोरड्या चेनची किंवा पॅडची. ब्रेक दाबताना किंवा थ्रॉटल सोडताना एकदाच ठक् होत असेल, तर तो कुठल्यातरी जोडणीतल्या ढिलाईचा आवाज असतो.

हे निदान नव्हे. शोध कुठून सुरू करायचा एवढंच यातून कळतं. त्याबरोबर चार गोष्टी लिहून ठेवा: आवाज किती वेगाला सुरू होतो, किती वेगाला सगळ्यात मोठा असतो, गाडी थंड असताना येतो की तापल्यावर, आणि एकट्याने चालवताना येतो की मागे माणूस आणि सामान असतानाच. पाचवी गोष्ट लोक हटकून विसरतात. आवाज सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं काम कुठलं झालं होतं? चाक काढून बसवल्यानंतर सुरू झालेला आवाज असेल तर आधी त्याच कामाकडे बघायचं. एक्सलवरचे बाजूचे बुश (चाक मधोमध धरणाऱ्या छोट्या नळ्या) अदलाबदल झालेत का, कॅलिपरचे (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट पूर्ण आवळलेत का, टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे का.

गाडी ढकलून ऐका

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, जागा सपाट आणि शांत. बंदिस्त पार्किंग मिळालं तर फारच चांगलं, कारण तिथे बारीक आवाजही भिंतींवरून परत येतो. एकाने गाडी ढकलायची आणि दुसऱ्याने वाकून चाकाशेजारून चालायचं, आधी पुढच्या आणि मग मागच्या. या वेगाला टायरची गुणगुण ऐकू येत नाही. पण पॅडची घसट, नक्षीतला खडा, चेनची कटकट, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) दातेरी कड्याला घासणारा चिखल हे सगळं स्वच्छ ऐकू येतं. टूरिंगच्या जड गाड्या ढकलताना तोल जाऊ शकतो, म्हणून ढकलणाऱ्याने पुढच्या ब्रेकवरचं बोट काढायचं नाही.

आता खडूने टायरच्या बाजूच्या भिंतीवर एक जाड रेघ मारा. टकटक होते त्या क्षणी रेघ कुठे आहे ते बघा. दर वेळी रेघ त्याच जागी असेल तर आवाज चाकावरच बसलेल्या कशाचा तरी आहे: टायर, डिस्क, स्पोक. रेघेची जागा दर वेळी बदलत असेल आणि आवाज दोन-अडीच फेऱ्यांनी एकदा येत असेल, तर चेनकडे वळा. हिशोब सोपा आहे. चेनला ११६ कड्या आणि मागच्या स्प्रॉकेटला (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राला) ४५ दाते असतील, तर चेनची एक पूर्ण फेरी व्हायला चाकाच्या सुमारे २.६ फेऱ्या लागतात. आपल्या गाडीच्या कड्या आणि दाते मोजून हा आकडा एकदा काढून ठेवावा.

हाच हिशोब चालत्या गाडीवरही करता येतो. १८०/५५ मापाच्या १७ इंची मागच्या टायरचा घेर साधारण १.९८ मीटर भरतो. ताशी २० किमीला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला तीनच्या जरा कमी फेऱ्या मारतं. पुढच्या १२०/७० टायरचा आकडाही याच्याच आसपास येतो. २० ला सेकंदाला तीन टिकटिक ऐकू आल्या तर चाक, एकच आली तर चेन.

रस्त्यावरची चाचणी

रस्ता रिकामा, सरळ आणि ओळखीचा हवा. मागे माणूस नको, सामानाच्या पेट्या काढून ठेवा. नुसत्या पेट्या काढल्यावरच आवाज गेला, तर तपास तिथेच संपला. पेटीचं कुलूप, तिचा रबरी टेकू किंवा स्टँडचा ढिला बोल्ट चाकातल्या खडखडीसारखाच ऐकू येतो, आणि त्यापायी लोक चाक उघडून बसतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर उत्तर मिळूनही कळणार नाही.

पहिली चाचणी क्लचची. आवाज मोठा असतो त्या वेगाला या, थ्रॉटल सोडा आणि क्लच दाबून धरा. इंजिनच्या फेऱ्या झटकन खाली येतात, गाडीचा वेग मात्र हळूहळू उतरतो. आवाज इंजिनबरोबर पडला तर तो चाकाचा नाही. गाडीच्या वेगाबरोबर सावकाश उतरला तर तो चाक, टायर, ब्रेक किंवा चेन यांच्यापैकी कशाचा तरी आहे. चेनला इथे सोडून देऊ नका, कारण क्लच दाबला तरी मागचं चाक तिला फिरवतच असतं. चालत्या गाडीचं इंजिन बंद करून ऐकण्याचा प्रयोग मात्र करू नये.

दुसरी चाचणी ओढीची. वेग कायम ठेवून थ्रॉटल किंचित द्या, मग किंचित सोडा. ओढ असताना रडणारा आणि सोडल्यावर गप्प होणारा, किंवा याच्या उलट वागणारा आवाज चेन-स्प्रॉकेट, शाफ्ट (काही गाड्यांत चेनऐवजी असलेला फिरता दांडा) किंवा मागच्या चाकापाशी असलेल्या गिअरबॉक्सकडे बोट दाखवतो. टायर आणि पुढचं बेअरिंग यांना थ्रॉटलचा फारसा फरक पडत नाही.

तिसरी ब्रेकची. वेग कमी होणार नाही इतकाच हलका, आधी फक्त पुढचा ब्रेक लावा, मग फक्त मागचा. चिरचिर किंवा शू-शू लगेच बदलली किंवा थांबली तर ज्या ब्रेकने ती बदलली तिथे बघायचं.

चौथी रस्त्याच्या पोताची, आणि टायर व बेअरिंग वेगळं करायला माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. खडबडीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर किंवा काँक्रीटवर जा, वेग तोच ठेवा. टायरचा आवाज पोताबरोबर लगेच बदलतो, कधी निम्मा होतो तर कधी त्याचा सूरच पालटतो. बेअरिंगला खालच्या रस्त्याशी देणंघेणं नसतं, त्याची घरघर तशीच चालू राहते.

पाचवी झुकण्याची. इथे चारचाकीचं ज्ञान मोटारसायकलला लावून खूप जण फसतात. चारचाकी वळणात बाहेरच्या चाकांवर आडवा भार टाकते, म्हणून तिथे "वळणात आवाज वाढला तर बेअरिंग" हे बऱ्याच अंशी खरं ठरतं. मोटारसायकल वळणात झुकते, आणि वजन अधिक वळणाचा जोर यांचा एकत्रित भार जवळपास चाकाच्याच पातळीतून खाली उतरतो. बेअरिंगवर आडवा ताण फारसा येत नाही. ३० अंश झुकल्यावर भार सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो, एवढंच. टायरचा मात्र जमिनीला टेकणारा पट्टाच बदलतो. म्हणून किंचित झुकताच सूर ठळकपणे बदलत असेल, तर मी आधी टायर तपासते.

शेवटची वाऱ्याची. तोच रस्ता उलट दिशेने करा, विंडस्क्रीनमागे वाका, हेल्मेटची काच थोडी उघडा. यातल्या कशाने आवाज ठळकपणे बदलला तर तो बहुधा चाकातून येतच नव्हता. उंच स्क्रीन आणि हेल्मेटची खालची कड मिळून अशी काही घरघर काढतात की ती सीटखालून येतेय असं वाटतं.

आवाज पुढचा की मागचा हे कळत नसेल तर लांब भिंतीच्या कडेने सावकाश गाडी न्या, आधी भिंत डाव्या हाताला ठेवून आणि मग उजव्या. भिंतीवरून परत येणारा आवाज हेल्मेटमध्ये बराच स्पष्ट लागतो. किंवा एखाद्या मित्राला रस्त्याकडेला उभं करून समोरून चार फेऱ्या मारा. त्याला जे ऐकू येतं ते गाडीवर बसलेल्याला येत नाही.

टायर

पहिली गोष्ट हवा. गाडी किमान तीन तास उभी असताना, टायर थंड असताना मोजायची. मोठ्या टूरिंग गाड्यांपैकी बऱ्याच जणींना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेली असते, पण आपल्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) चिकटपट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो आणि तोच खरा. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा भरायच्या हवेचा नसतो, तो कमाल मर्यादेचा असतो. हवा कमी राहिली की टायर जास्त दबतो, ठोकळे जास्त वळवळतात आणि आवाजाबरोबर वेडीवाकडी झीजही सुरू होते.

मग गाडी मेन स्टँडवर घ्या आणि चाक हाताने सावकाश फिरवत पूर्ण घेर बघा. खडे चपट्या पेचकसाने काढा. खिळा किंवा तार दिसली तर लगेच उपटू नका. पंक्चरचं सामान हाताशी असेल तेव्हाच काढा, कारण कधीकधी तो खिळाच हवा धरून असतो.

यानंतर ती तळव्याची परीक्षा. टायरवरून तळवा आधी फिरण्याच्या दिशेला आणि मग उलट फिरवा, मध्यावर एकदा आणि दोन्ही खांद्यांवर एकेकदा. मी वर सांगितला तसा करवतीचा स्पर्श लागला, किंवा ठरावीक अंतरावर उथळ खळगे लागले, तर गुणगुणीचं कारण सापडलं. पुढच्या टायरवर अशी झीज ब्रेकिंगमुळे थोडीफार होतेच. कमी हवा, थकलेले फोर्क (पुढचं चाक धरणारे शॉकचे दांडे) आणि बिघडलेला तोल तिचा वेग वाढवतात. मागच्या टायरची तऱ्हा वेगळी. तासन्‌तास सरळ महामार्गावर, सामानासकट चालवलं की त्याचा मध्य सपाट होतो. मग सपाट भागाच्या कडेवरून झुकताना गाडी आधी हटून बसते आणि एकदम खाली पडल्यासारखी झुकते, आणि त्याच क्षणी सूर बदलतो.

आता एक पेन स्विंगआर्मला, पुढे असेल तर फोर्कला, असा बांधा की त्याचं टोक टायरपासून दोनेक मिलिमीटरवर राहील. चाक फिरवा. टोक आणि टायर यांच्यातली फट एकसारखी राहिली पाहिजे. एखाद्या जागी टायर वर उचलला जात असेल तर रिमच्या कडेला गोल फिरणारी बारीक रेघ बघा. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी, एखाद्या ठिकाणी रिममध्ये बुडालेली दिसली तर टायर तिथे नीट बसलेला नाही. फुगा दिसला तर विचार करायची गरज नाही, त्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नये.

भिंतीवर डीओटी या अक्षरांच्या मालिकेच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं आणि कडक रबर जास्त वाजतं. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलावा.

खळगे पडलेला टायर दुरुस्त होत नाही. हवा वाढवून आवाज दाबायचा प्रयत्न करू नये, त्याने पकड जाते. झिजेची खूण अजून दूर असेल, फुगा किंवा चीर नसेल तर रोजच्या जवळच्या फेऱ्यांना तो चालेल. हजारो किलोमीटरच्या प्रवासाला मी असा टायर नेत नाही, कारण ही झीज एकदा सुरू झाली की वाढतच जाते आणि पावसात तिची किंमत मोजावी लागते. नवा टायर टाकताना चाकाचा तोल करून घ्या. पुढचा फोर्क दाबून सोडा. तो वर येऊन एकदा स्थिरावला पाहिजे, नाचत राहिला तर नवा टायरही त्याच वाटेने जाईल.

बेअरिंग

चाक हवेत उचललेलं हवं. मागचं मेन स्टँडवर उचललं जातं. पुढच्यासाठी मजबूत जागी जॅक लावा, सायलेन्सर किंवा ऑइल फिल्टरखाली नव्हे. एकाने गाडी घट्ट धरायची. दुसऱ्याने चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आडवं हलवायचं, मग तीन आणि नऊला धरून. बारीकसा कट् जरी हाताला लागला तरी ढिलाई आहे. ती नेमकी कुठे आहे ते बोटाने शोधायचं. चाकाचा हब (मधला गाभा) आणि फोर्क यांच्यामध्ये बोट ठेवून हालचाल तिथेच जाणवली तर बेअरिंग. फोर्कचा तळ पुढे-मागे ओढल्यावर हालचाल वरती, हँडलच्या खालच्या जोडणीपाशी जाणवली तर ती कोनसेटची, म्हणजे हँडल ज्यावर वळतं त्या बेअरिंगची. मागे चाकाबरोबर अख्खा स्विंगआर्मच डुलत असेल तर त्याची खीळ बघायची.

मग चाक फिरवा आणि लांब पेचकसाचं टोक एक्सलच्या टोकावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावा. चांगलं बेअरिंग हलकंसं सूं करतं, खराब बेअरिंग खर ऐकवतं. ही तपासणी करताना इंजिन बंदच हवं, आणि गाडी गिअरमध्ये टाकून इंजिनने चाक फिरवायचा मोह टाळा. चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बोटं जायला क्षण पुरतो.

एक सावधगिरी. हवेत फिरणाऱ्या चाकावर गाडीचं वजन नसतं. रस्त्यावर घरघरणारं बेअरिंग स्टँडवर बऱ्याचदा गप्प असतं, तेव्हा "हलत नाही, वाजत नाही" एवढ्यावर त्याला सोडून देऊ नका. खात्री हवी तर चाक काढून बोट आत घालावंच लागतं.

मागच्या चाकात दोन बेअरिंग असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. चेनच्या बहुतेक मोठ्या गाड्यांमध्ये तिसरंही असतं, स्प्रॉकेट ज्या तबकडीवर बसतं तिच्या पोटात. ओढीचा सगळा ताण ते घेतं आणि तपासणीत तेच राहून जातं. एकदा मागच्या बाजूने येणारी, ओढ दिली की वाढणारी घरघर शोधताना चाकातली दोन्ही बेअरिंग मला चांगली मिळाली. तबकडी उचलून या तिसऱ्यात बोट घातलं आणि आतलं कडं हळूहळू फिरवलं. अर्ध्या फेरीपर्यंत मुलायम, मग एक बारीक कच्च, आत वाळूचा एकच कण अडकल्यासारखं. पुन्हा मुलायम, पुन्हा त्याच जागी कच्च. सीलच्या कडेला तांबूस गंजाची केसाएवढी रेघ होती. सील उचकटलं तेव्हा आत ग्रीसऐवजी तपकिरी चिखल होता आणि छर्रे काळवंडले होते.

बोटाखाली चांगलं बेअरिंग किंचित जड, पण अखंड गुळगुळीत फिरतं. टिचकी मारल्यावर भिंगरीसारखं गरगर फिरत राहिलं तर खूश होऊ नका, त्यातलं ग्रीस संपलेलं असतं. अडखळलं, खर लागली, आतलं कडं तिरकं डुललं, की बदलायचं. एका चाकातली दोन्ही आणि त्यांचे सील एकदमच बदलायचे.

खराब होण्याची कारणंही शोधा, नाहीतर नवंही लवकर जाईल. जोराच्या फवाऱ्याने हब धुणं हे मोठं कारण आहे, पाणी सीलच्या ओठातून आत शिरतं आणि बाहेर येत नाही. अति ताणलेली चेन त्या तिसऱ्या बेअरिंगचा आणि गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टवरच्या बेअरिंगचाही जीव घेते.

स्वतः बसवणार असाल तर तीन गोष्टी सांभाळा. ठोकायचं ते फक्त बाहेरच्या कड्यावर, त्याच मापाचा सॉकेट लावून. आतल्या कड्यावर ठोकलं तर छर्रे आपल्या वाटेत खड्डे पाडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं. दुसरी, दोन बेअरिंगच्या मधली नळी विसरायची नाही. पुस्तिकेत आधी कुठली बाजू ते दिलेलं असतं. ती बाजू तळापर्यंत बसवा, नळी घाला, आणि दुसरी बाजू नळीला टेकेपर्यंतच न्या. तिसरी, एक्सल पुस्तिकेतल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळल्यावर चाक पुन्हा फिरवून बघा. आवळण्याआधी मोकळं आणि नंतर जड फिरत असेल तर बेअरिंग आडवी दाबली जात आहेत, आणि तशी गाडी चालवू नये.

ब्रेक

डिस्कची अगदी हलकी, एकसारखी घसट नॉर्मल आहे, पॅड डिस्कपासून केसभरच मागे सरतात. फेरीतून एकदाच मोठी होणारी शू म्हणजे डिस्क वाकलेली, किंवा तिच्यावर एका जागी गंज अथवा पॅडचा थर चढलेला. ब्रेक चार वेळा दाबून सोडा आणि चाक फिरवा. आधीइतकं मोकळं फिरलं नाही तर कॅलिपरचे पिस्टन किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकत आहेत. साफसफाई आणि योग्य ग्रीस यांनी हे बऱ्याचदा सुटतं. पॅडची जाडी बघा. धातूवर धातू घासल्याची कर्कश किंचाळी आली असेल तर डिस्कही गेली समजा. तरंगत्या डिस्कची (मधल्या भागाला बटणांनी सैल जोडलेल्या डिस्कची) बटणं थोडी हलतात आणि ढकलताना किणकिणतात, ते त्यांचं कामच आहे. पॅड धरणारी पीन आणि तिची क्लिप जागेवर आहे ना हे मात्र डोळ्यांनी बघून घ्या.

चेन, शाफ्ट, बेल्ट

चेनचा ढिलेपणा एकाच जागी मोजून भागत नाही. चाक थोडं थोडं फिरवत पाच-सहा जागी मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती असेल तर ती असमान ताणली गेली आहे, आणि ताठ जागा स्प्रॉकेटवर येते तेव्हा दर वेळी घरघर ऐकू येते. आखडलेली कडी खालच्या भागात वाकडी राहिलेली दिसते. तेल देऊन मोकळी झाली तर ठीक, पुन्हा आखडली तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. थ्रॉटल देताना-सोडताना मागून ठक् येत असेल तर स्प्रॉकेटच्या तबकडीमागची रबरं काढून बघा. चाक धरून स्प्रॉकेट पुढे-मागे फिरवलं की ढिलाई कळते.

शाफ्टच्या गाडीत मागच्या गिअरबॉक्सचं तेल काढून बघा. काढायच्या बोल्टच्या चुंबकावर करडी, मऊ लेप असणं नेहमीचं. बोटांना टोचणारे तुकडे मिळाले तर गाडी तिथेच थांबवा. चाकाच्या बाजूने तेल झिरपलं असेल तर सीलबरोबर आतलं बेअरिंगही तपासायला लावा, तेच तेल टायरवर आणि डिस्कवर जाऊ शकतं. बेल्ट धूळ बसली की चिवचिवतो. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. त्यानंतरही आवाज राहिला तर त्याचा ताण आणि सरळपणा बघा.

स्पोकच्या चाकाला प्रत्येक स्पोकवर छोट्या पान्याने हलकी टिचकी मारा. घट्ट स्पोक टणकन वाजतो, ढिला बद्द वाजतो. एकदोन ढिले असतील तर आवळता येतात, बरेच असतील तर रिम सरळ करणाऱ्या माणसाकडेच न्या.

वाटेत आवाज सुरू झाला तर

पहिल्या सुरक्षित जागी थांबा आणि हवा, टायरचा पूर्ण घेर, ढिलाई एवढं बघा. मग हाताची मागची बाजू हबच्या जवळ न्या. डिस्कला स्पर्श नको, ती भाजते. ब्रेक फारसा न वापरता एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर आत काहीतरी घासतंय. घरघरीबरोबर एबीएसचा दिवा लागला तर ते मी फार गंभीरपणे घेते. बेअरिंग सैल झालं की दातेरी कडं आणि सेन्सर यांच्यातलं अंतर डळमळतं आणि दिवा पेटतो. चाकाला हाताला कळेल इतकी ढिलाई, टायरला फुगा, अडखळत फिरणारं चाक, किंवा आवाजाबरोबर हँडलला थरथर, यातलं एकही असेल तर गाडी टेम्पोत घालून न्या, मुक्काम कितीही जवळ असो. नुसती टायरची गुणगुण असेल तर वेग आवरून पुढे जाता येतं.

काम झालं की त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, पेट्यांशिवाय तीच फेरी पुन्हा मारा आणि सुरुवातीला लिहिलेल्या नोंदीशी ताडून बघा. आवाज निम्माच कमी झाला असेल तर दुसरं कारण अजून आत आहे. टायर आणि बेअरिंग दोन्ही थकलेली, असं जास्त चाललेल्या टूरिंग गाडीत सहज होतं. १०० किमीनंतर एक्सलचा टॉर्क, चेनचा ताण आणि थंड टायरची हवा पुन्हा तपासा, आणि बदललेल्या वस्तूपुढे त्या दिवशीचा ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवा.